सदणिका

“फाईल डिलीट कोणी केली?” केयूरनं विचारलं. ‘कोणी’तल्या ‘ण’वर त्यानं असा काही भार दिला, की प्रश्न कोणाला आहे हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सलोनीनं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

“मी नाही केली,” मी म्हटलं.

“मग काय, फाईल स्वतःच्या पायांनी चालत गेली? टेस्ट सर्व्हरची साफसफाई कोणी केली होती, संजनाताई?”

“तुम्हीच सांगितली होती.”

“जुना कचरा काढायला सांगितला होता. चालू फायली नाही.” मग तो दिवाकर सरांकडे वळला. “सर, मी सगळ्यांना मेल टाकलाय. टेस्टिंगकडून फाईल उडालीय. जबाबदारी कोणाची ते आता तुम्ही ठरवा.”

दिवाकर सर आमचे मालक. साठीचा माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते. ते चष्मा पुसत म्हणाले, “संजना, चार वाजता डेमो बघायला हरेशशेठ येतायत. त्यांच्या गृहनिर्माण संघात किती सोसायट्या आहेत तुला माहितीय. त्यांच्यासमोर हे बंद पडलं तर आपली काय अब्रू राहील? तुझा करार या महिन्याअखेर संपतो ना? फाईल तू काढली असशील तर मला तो पुढे चालू ठेवता येणार नाही. स्पष्टच सांगतो.”

म्हणजे झालं. इतकी वर्षं या गाळ्यात घासले, आणि निकाल लागला चष्मा पुसता पुसता.

आमचं ऑफिस वसई पूर्वेला, सातिवलीच्या बाजूला. खाली अगरबत्तीचा कारखाना, वरच्या गाळ्यात आम्ही. घरी गेलं की आई म्हणते, देवळातून आलीस काय. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: कोणाचा मेंटेनन्स थकला, कोणत्या विंगला किती टँकर आले, कोणाची गाडी कुठे लागते. बाकीचे बनवतात, मी मोडून बघते. टेस्टर. गिऱ्हाइकाच्या हातात मोडण्याआधी माझ्या हातात मोडलं पाहिजे, एवढीच माझी नोकरी. आणि ज्याचं मोडतं तो माझ्यावरच डाफरतो. त्याची सवय झाली होती. असा आळ मात्र पहिल्यांदाच आला.

झालं होतं ते असं. टेस्ट सर्व्हर म्हणजे आमची रंगीत तालमीची जागा. खऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी सगळं तिथे चालवून बघायचं. जुनी मशीन म्हातारी झाली म्हणून याच आठवड्यात सगळं नव्या मशीनवर हलवलं, आणि जुनी पुसून भंगारात दिली. आज सकाळी प्रोग्रॅम उघडला तर सदनिकांच्या भागावर येऊन अडला. पडद्यावर एकच ओळ: sadanika नावाची फाईल सापडत नाही. चार ओळींची फाईल हो! पण डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, आत शिरायचं नाव काय, पासवर्ड काय, हे तिच्यातच लिहिलेलं. ती नसली की प्रोग्रॅम पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखा गेटवरच उभा. पुन्हा लिहावी म्हटलं तर पासवर्ड कोणाला आठवत नव्हता. काही वर्षांपूर्वीची फाईल ती.

मीटिंग उठली. मी जागेवर आले तोवर मोबाईल वाजला. ऑफिसच्या ग्रुपवर सलोनीनं आइस्क्रीमचा कोन टाकला होता.

हा कोन म्हणजे मी.

माझं घर कामणकडे, चिंचोटीच्या अलीकडे. खाडीकाठची माणसं आम्ही, आमच्या घरात ‘ण’ नाहीच. आम्ही पानी पितो, लोनी खातो, आणि दारावर थाप पडली की ‘कोन हाय?’ विचारतो. ऑफिसात मी जपून बोलते, पण घाईत निसटतं. केयूर नवा लीड म्हणून आला त्याच आठवड्यात मी फोन उचलून “कोन बोलतंय?” म्हटलं, आणि हा मागून ओरडला, “बटरस्कॉच! संजनाताई, आमच्यासाठी पण एक कोन!” अख्खा गाळा हसला. मीसुद्धा हसले, नवीन माणूस आहे, करतोय मस्करी. पण ती मस्करी संपलीच नाही. मी ग्रुपवर काही लिहिलं की खाली कोन. माझा वाढदिवस, केकवर कोन. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असलेला माणूस मला ‘ताई’ म्हणायचा आणि त्या ‘ताई’तच चिमटा काढायचा.

तेही गिळलं असतं. पण बाबा गेले त्या पहाटे मी ग्रुपवर लिहिलं, ‘आज येऊ शकनार नाही.’ तेव्हा कुठला न आणि कुठला ण. पाचच मिनिटांत खाली केयूरचा कोन. नंतर त्यानं तो काढून टाकला. “मला कारण माहीत नव्हतं” म्हणाला, सॉरीही म्हणाला. पण बाबांना अंगणात ठेवलं होतं आणि मी फोन हातात धरून तो कोन बघितला होता. सॉरी म्हटल्यानं बघितलेलं पुसलं जात नाही. त्या दिवसापासून मी या माणसाची वाट बघत होते. कधीतरी सापडशील, बाळा. कधीतरी.

आणि आता माझीच नोकरी त्याच्या मेलमध्ये अडकली होती! नुसता तळतळाट होत होता.

मी सर्व्हर उघडला आणि फायलींची यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. sadanika नव्हती. शोधायच्या खिडकीत नाव घातलं, नाही. केयूरनंही तेच केलं असणार. एररमधून नाव उचललं, शोधलं, नाही मिळालं, आणि बोट माझ्याकडे. साफसफाईत मी काय काय काढलं ते आठवून बघितलं. आपणच तर नसेल ना उडवली, अशी शंकासुद्धा आली. आळ असा असतो बघा, आपल्यालाच आपला भरवसा वाटेनासा होतो.

शेवटी ॲन्सेल्मला हाक मारली. ॲन्सेल्म आमचा मशीनवाला. सर्व्हर, वायरी, इन्व्हर्टर सगळं त्याच्याकडे. गास गावचा. घरची वेलची केळी आणतो आणि न विचारता सगळ्यांच्या टेबलावर ठेवून जातो. नवी मशीन त्यानंच लावली होती.

“रडते कशाला?” तो खुर्ची ओढत म्हणाला.

“रडत नाहीये. संतापलेय.”

“बरं, संताप. पण जरा सरक.” त्यानं यादी उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत सावकाश खाली आला. मध्येच थांबला. हसायलाच लागला. “अगं, ही काय? ही कुठली भाषा? सदणिका?”

मी वाकून बघितलं. sadaNika. मधला एन मोठा.

“फाईल कुठे गेली नाही गं. हीच ती,” ॲन्सेल्म म्हणाला. “जुन्या मशीनला मोठा एन, छोटा एन सगळं सारखंच होतं. प्रोग्रॅमनं छोट्यानं हाक मारली तरी ती ओ द्यायची. ही नवी मशीन कडक आहे. तिला मोठा वेगळा नि छोटा वेगळा. प्रोग्रॅम सदनिका शोधतोय आणि इथे बसलीय सदणिका. चुकीचं नाव कोणी ठेवलं काय माहीत. दोन मिनिटांचं काम आहे, बदलून टाकतो. कोणाला सांगायचं पण नाही.”

तो कीबोर्डकडे हात नेत होता. मी त्याचं मनगट धरलं.

“थांब. हात लावू नकोस.”

मला दरदरून घाम फुटला होता. कारण ‘ही कुठली भाषा’ ते ॲन्सेल्मला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

मोठ्या एनचा नियम केयूरचाच. दिवाकर सरांना फायलींची नावं मराठी हवी असतात, पण लिहायची इंग्रजी अक्षरांत. तर केयूरनं आल्या आल्या फतवा काढला, छोटा एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. भर मीटिंगमध्ये वर म्हणाला, “ज्यांना शंका असेल त्यांनी मला विचारा. संजनाताईंना विचारू नका.” प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत बनवणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं, हाही त्याचाच फतवा. मी फाईल उघडली. पहिल्या ओळीत होतं: केयूर.

आता बघा. मी पाचवीत वसईच्या शाळेत आले तेव्हा बाईंनी माझी वही वर्गात वाचून दाखवली होती. पानी, लोनी, आनि. वर्ग हसून लोळला. त्यानंतर मी ‘ण’ असा काही धरला, की दिसेल तिथे घालायला लागले. दुकाण. फोण. चुणा. मणातलं. घरी येऊन आईला म्हटलं, “आये, दुकाणात जाऊ?” तर ती चुलीपुढे पोट धरून हसली. ज्याच्या घरात ण आहे तो ‘सदणिका’ कधी लिहीत नाही. ज्याला ण येत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही, तोही नाही लिहीत, तो सरळ न लिहून मोकळा होतो. ‘सदणिका’ लिहितो तो एकच माणूस: ज्याला लाज वाटते आणि पकडले जाऊ अशी भीती वाटते तो. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, मी ते भोगलं होतं. या हुशार, गुळगुळीत, विरारच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या घरात आई ‘पानी’ म्हणत होती. आणि तो मला कोन पाठवत होता!

तुम्हाला वाटेल माझं मन द्रवलं असेल. मुळीच नाही. उलट अंगात अशी उकळी फुटली, की मी उठून गॅलरीत गेले. आपल्यातलाच असून त्यानं हे केलं. परक्यानं मारलेलं एवढं लागत नाही.

“काय करणार आहेस?” ॲन्सेल्म मागे आला.

“तीनला सगळे परत बसणारेत ना? तेव्हा दाखवीन. त्याच्याच तोंडानं वाचून घेईन.”

“अगं, चारला गिऱ्हाईक येतंय. आत्ता सुटतंय तर सोडव की. सरांना जाऊन सांग, तुझी चूक नाही. बस झालं.”

“बस नाही झालं.”

“मला यात ओढू नकोस.”

“नाही ओढत. फक्त नाव बदलू नकोस. सांगितलंय ते ऐक.”

तो मान हलवत गेला. जाताना टेबलावर केळं ठेवून गेला. मी ते सोललं नाही. जेवणाचा डबाही उघडला नाही. मला नुसत्या विचारानंच पोट भरल्यासारखं झालं होतं. ‘वाचा ना, केयूर सर.’ नाही, एवढं साधं नको. ‘केयूर सर, नियमाप्रमाणे वाचा.’ हां, असं. मी ते मनात घोळवत बसले. त्याचा चेहरा कसा होईल, सलोनी कशी हसेल, दिवाकर सर चष्मा कसा काढतील. अगदी गोड लागत होतं सगळं.

आईचा फोन आला.

“जेवलीस का?”

“जेवते.”

“आवाज का असा तुजा? कोनी काय बोललं का तुला?”

“काय नाय गं आये. कामात हाय.”

“कोनी बोललं आसंल तर गप नको बसू. बापासारखी गप नको बसू तू.”

“नाय बसत,” मी म्हटलं, आणि फोन ठेवताना पाहिलं, तर सलोनी पलीकडच्या टेबलावरून ऐकत होती. ‘काय नाय गं आये’ असं ओठांनीच म्हणून तिनं शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसलं. हसा. अजून थोडा वेळ हसून घ्या.

तीन वाजता आम्ही आतल्या खोलीत बसलो. केयूर इस्त्रीचा निळा शर्ट घालून तयार होता. डेमो तोच दाखवणार होता ना. दिवाकर सरांनी विचारलं, “काय झालं फाईलचं?”

“नाही मिळाली सर,” केयूर म्हणाला. “मी पर्याय म्हणून…”

“मिळाली,” मी म्हटलं.

मी माझ्या लॅपटॉपची वायर पडद्याला जोडली, यादी उघडली आणि एकाच नावावर निळी पट्टी आणली. अक्षरं भिंतीवर हातभर मोठी झाली.

“मी काही डिलीट केलेलं नाही, सर. फाईल पहिल्यापासून इथेच आहे. फक्त तिचं नाव वेगळं आहे. जुन्या मशीनला कळत नव्हतं, नवीला कळलं. ॲन्सेल्मला विचारा हवं तर.” मग मी केयूरकडे वळले. आवाज अगदी मऊ ठेवला. “केयूर सर, तेवढं नाव वाचून दाखवता?”

त्यानं भिंतीकडे पाहिलं. त्याला क्षणात कळलं. मला दिसलं ते. मानेवरून कानांपर्यंत लाली चढत गेली.

“सदनिका,” तो म्हणाला.

“असं नाही सर. नियमाप्रमाणे वाचा. मोठा एन म्हणजे काय?”

“टायपिंग मिस्टेक आहे ती.”

“शिफ्ट दाबल्याशिवाय मोठा एन येत नाही, सर. मुद्दाम दाबावं लागतं. वाचा ना.”

आणि मग सलोनीच्यानं राहवलं नाही. “सदणिका!” ती फिसकन हसली. “अय्या, सदणिका!” तिच्या शेजारची हसली. दिवाकर सरांनी चष्मा काढला, नाव पुन्हा वाचलं आणि त्यांचंही पोट हलायला लागलं. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. खरं सांगते, असं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. बाबांच्या अंगणातली ती पहाट मी त्याच्या तोंडावर फेकत होते आणि ती त्याला बरोबर लागत होती.

“कोणी बनवलीय ही?” सरांनी विचारलं.

मी फाईल उघडली. पहिली ओळ भिंतीवर आली.

केयूर ताडकन उठला. “नाय, हे… हे मधे कोनीतरी बदललंय! मी नाय केलं हे!”

कोनीतरी.

त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंड तसंच उघडं राहिलं. आणि मग टेबलावरचे सगळे मोबाईल एकदम वाजले. सलोनीनं ग्रुपवर कोन टाकला होता.

“सर, तुम्ही पण?” ती म्हणाली.

हशाचा नुसता स्फोट झाला. दिवाकर सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “अरे वा, म्हणजे आपल्याकडे दोन निघाले की!” ते म्हणाले. “संजना, तुझा गाववाला निघाला हा! ओळख करून घ्या आता!”

मीही हसत होते. तोंड हसत होतं म्हणजे. ‘तुम्ही पण’ आणि ‘दोन’ हे शब्द आत शिरायला थोडा वेळ लागला. दुसरा कोण ते सगळ्यांना आत्ता कळलं होतं; पहिली मी होतेच, कायमची, मोजून ठेवलेली. मी टाकलेला दगड त्याला लागला होता आणि तरी हसत होते ते मलाच. माझ्या आईला, माझ्या चुलीला. केयूर उभा होता तसाच खाली बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“सर,” मी म्हटलं, “तुमची मोजणी झाली असेल तर फाईलचं नाव दुरुस्त करायचं का? चारला माणसं येतायत.”

माझा आवाज चढला असणार, कारण सलोनीनं मोबाईल पालथा ठेवला. दिवाकर सरांनी चष्मा परत घातला. ॲन्सेल्म आला, कोणाशीही न बोलता मोठा एन छोटा केला आणि निघून गेला. प्रोग्रॅम लगेच सुरू झाला. सगळ्या विंग, सगळ्या सदनिका, माणसांच्या नावांसकट पडद्यावर आल्या.

“तू सुटलीस हो,” सर म्हणाले. “कराराची काळजी करू नकोस. उद्या ये माझ्याकडे, सही करून टाकू. झालं गेलं विसरून जा.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, विसरायला मी काय तुमची जुनी मशीन आहे?

हरेशशेठ चारला वेळेवर आले. पांढरा लेंगा-झब्बा, गळ्यात साखळी, मागे संघाचे दोन पदाधिकारी. त्यांच्या घराण्याची जमीन होती त्यावर आज निम्म्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यामुळे संघाचे अध्यक्षही तेच. दिवाकर सर त्यांना घ्यायला जिन्यापर्यंत गेले. डेमो केयूरनं दाखवायचा होता, पण तो सलोनीला म्हणाला, “तू कर.” आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसला. तीनची मीटिंग झाल्यापासून त्यानं तेवढे दोनच शब्द उच्चारले होते.

सलोनी बोलत होती. इंग्रजी, मराठी, पुन्हा इंग्रजी. हरेशशेठ मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष उडालेलं दिसत होतं. उकाडा होता, एसी अर्धवट चालत होता. शेवटी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“पोरी, जरा दम खा. पानी मिलंल का कोनाकडं?”

मी सगळ्यांचे चेहरे बघितले. एकेक करून बघितले. एकसुद्धा हसला नाही. सलोनीनं मान लॅपटॉपमध्ये घातली. कोणाचा मोबाईल वाजला नाही. दिवाकर सर तर खुर्चीतून अर्धे उठलेच. “हो हो, शेठ! अरे, पाणी कोण आणतंय?”

“आनतो,” केयूर म्हणाला.

हळू नाही म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. हरेशशेठांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“कुठला रं तू?”

“नायगावचा.”

“नायगावात कोनाचा?”

“बाप मिठागरावर होता,” केयूर म्हणाला. त्याचे हात बाजूला लोंबत होते, बोटं शर्टाची कड चुरगाळत होती. “आई पन. आता आई माझ्याकडं असते, विरारला.”

“मंग इतका वेल गप का?” शेठ हसले. “मीठ वाहिलेली मान्सं आपली. बोलायचं मोकलं.”

“हो,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी बसून राहिले. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की आता बोलतोस? एवढी वर्षं कुठे होती ही जीभ? आज, सगळं झाल्यावर, शेठनं विचारल्यावर? बाबांच्या दिवशी का नाही बोललास? पण गिऱ्हाइकासमोर काय बोलणार. मी समोरच्या पडद्याकडे बघत राहिले. सलोनीनं पुन्हा सुरुवात केली होती, पण तिचं इंग्रजी कमी झालं होतं.

केयूर ट्रे घेऊन आला. एक ग्लास त्यानं हरेशशेठांसमोर ठेवला, दोन त्यांच्या माणसांसमोर. दिवाकर सरांनी हात पुढे केला होता, त्यांच्याजवळून तो तसाच पुढे गेला. टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आला आणि चौथा ग्लास माझ्यासमोर ठेवला.

“पानी, ताई,” तो म्हणाला.

ते ‘ताई’ वेगळं होतं. त्यात चिमटा नव्हता, मला कळलं ते. पण मी वर बघितलं नाही. घसा कोरडा पडला होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, ग्लास बाहेरून थंडगार दिसत होता. मी हात मांडीवरच ठेवले.

डेमो चांगला झाला. हरेशशेठ खूश होऊन गेले, दिवाकर सर त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. सलोनीनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे न बघता निघाली. मी वायरी गुंडाळत होते. केयूर ट्रे घेऊन रिकामे ग्लास गोळा करत माझ्यापर्यंत आला. माझा काठोकाठ भरलेला होता. तो क्षणभर थांबला. मग तो ग्लास त्यानं ट्रेमध्ये ठेवला नाही. ट्रे एका हातावर तोलला आणि सांडू नये म्हणून ग्लास दुसऱ्या हातात वेगळा धरून, पावलं जपून टाकत, तो बाहेर घेऊन गेला.